थोडी माया ठेवा

दसरा उलटला की आमच्या इमारतीच्या जिन्यात दोन प्रकारच्या चर्चा कानांवर पडू लागतात. भाजणीच्या वासाबरोबर येणारी चर्चा फराळाची असते. आणि वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातींबरोबर येणारी चर्चा असते ती ‘यंदा काय घ्यायचे’ याची. एके काळी या दुसऱ्या चर्चेत रेडिओ होता, मग फ्रिज आला, मग दूरचित्रवाणीचा संच आला. हल्ली तो मान लॅपटॉपकडे गेला आहे. आणि गंमत अशी की, या विषयावर सल्ला घ्यायला मंडळी माझ्याकडे येतात!

मी मराठीचा अध्यापक. या सदरात एरवी मी शब्दांविषयी लिहितो. एखाद्या अभंगातला शब्द अडला म्हणून शेजारी माझ्या दारात आला आहे, असे गेल्या वीस वर्षांत एकदाही घडले नाही. लॅपटॉप अडला की मात्र रात्री साडेदहालाही घंटी वाजते. याचे कारण एवढेच की, आमच्या विभागाला मिळालेले सात लॅपटॉप सांभाळायला दुसरे कोणी तयार झाले नाही, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. पुढे ते दुरुस्त करून घेण्यासाठी लोकलने लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या कराव्या लागल्या. तिथे एका कारागिराशेजारी स्टुलावर बसून जे पाहिले आणि ऐकले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो. दिवाळी अंक आहे. विषयांतराची एवढी सवलत संपादकांनी द्यायला हरकत नसावी.

आधी थोडा इतिहास. पहिला खपाऊ असा ‘उचलून नेता येणारा’ संगणक १९८१ साली अमेरिकेत निघाला. त्याचे नाव ऑसबोर्न वन. किंमत १,७९५ डॉलर, पडदा पाच इंचांचा, आणि वजन सुमारे अकरा किलो. तो मांडीवर घेऊन कोणी काम केले असते, तर काम उठायच्या आधी मांडीच उठेनाशी झाली असती. तो काढणारे अ‍ॅडम ऑसबोर्न यांचे बालपण तामिळनाडूत गेले होते आणि २००३ साली त्यांचा मृत्यूही कोडाईकनाललाच झाला. त्यांच्या कंपनीचे दिवाळे १९८३ साली निघाले. पुढचे मॉडेल यापेक्षा फार चांगले येणार, असा गाजावाजा आधीच झाला, आणि गिऱ्हाइकांनी हातातले मॉडेल घेणेच थांबवले, असे त्याचे एक कारण सांगतात. ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. कारण ‘अहो, पुढच्या वर्षी याहून चांगला निघेल, थांबावे का?’ हा प्रश्न मला दर दिवाळीला विचारला जातो. याहून चांगला निघणारच! गेली चाळीस वर्षे तो दर वर्षी निघतोच आहे. थांबायचे की घ्यायचे, हे आपल्या कामाला विचारायचे असते, बाजाराला नव्हे.

आता लॅपटॉपच्या पोटात काय असते ते पाहू. गृहिणींना हे स्वयंपाकघरावरून लगेच उमजेल. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, म्हणजे ओटा. ज्या जिन्नसांचे काम चालू आहे, ते तेवढे ओट्यावर. आणि डिस्क म्हणजे फडताळ. सगळा साठा तिथे. स्वयंपाक करणारी कितीही चपळ असो, ओटा हातभर असेल तर तिला दर मिनिटाला डबे आत ठेवावे आणि बाहेर काढावे लागतील. आणि फडताळाचे दार अडकत असेल, तर मग विचारूच नका!

आपल्याकडे ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ म्हणून जी ओरड होते, त्यातल्या पुष्कळ प्रकरणांत स्वयंपाकीण ठणठणीत असते. खोळंबा असतो तो ओट्याचा नाहीतर फडताळाचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची एक चकती फिरत असते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. तिच्यावरून एक बारीक हात सरकत सरकत हवी ती नोंद शोधतो. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारे, सरकणारे असे काहीच नसते. सगळा कारभार चिपांमध्ये. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वाचते. साधी सॅटा जोडणीची एसएसडी पाचशेच्या वर जाते, आणि एनव्हीएमई जातीची त्याच्याही कित्येक पट. त्यातून बारीकसारीक हजारो फायली एकदम शोधायच्या असल्या, तर अंतर आणखीच वाढते. लॅपटॉप सुरू होताना नेमके हेच काम चालते. म्हणून चकती काढून एसएसडी बसवली की, चहाचे आधण ठेवून यावे इतका वेळ घेणारे यंत्र बसल्या जागी उघडते.

आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचा २०१६ सालचा लॅपटॉप एका दुकानाने ‘भंगारात घाला’ असा निकाल देऊन परत पाठवला होता. काकांचे काम काय? पासबुक पाहणे, सकाळचे वर्तमानपत्र वाचणे आणि रविवारी टोरांटोच्या नातवाचे तोंड पाहणे. मी त्यांच्याकडे बसून टास्क मॅनेजर उघडला. विंडोजमध्ये हे दालन सर्वांना खुले असते आणि वाचकांनी ते एकदा तरी पाहावे. तिथे तीन आकडे दिसतात. यंत्र रेंगाळत असताना डिस्कचा आकडा शंभराला टेकून बसला असेल, तर दोष फडताळाचा, एसएसडी घाला. मेमरीचा आकडा नव्वदीच्या घरात असेल, तर ओटा लहान, रॅम वाढवा. आणि प्रोसेसरच शंभरावर धापा टाकत असेल, तर मात्र हात जोडा. कारण आजकालच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मुख्य पट्टीलाच डाखलेला असतो, तो बदलता येत नाही. काकांची डिस्क शंभरावर होती. एसएसडी बसली आणि यंत्र उठून बसले.

पण काकांची कथा इथे संपली नाही. विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून सुरक्षेपुरती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत तेवढी जाहीर केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. काकांचा होता सहाव्या पिढीचा. म्हणजे अंगात ताकद आहे, पण वय बसत नाही म्हणून नोकरी नाही! शेवटी त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. चार दिवस काका ‘पूर्वीचे बटण कुठे गेले’ म्हणून कुरकुरले, पाचव्या दिवशी म्हणाले, “मास्तर, पेन्शनीत निघालेल्याला तुम्ही पुन्हा कामावर घेतलंत.” ज्यांना विशिष्ट हिशेबाची किंवा कार्यालयाची विंडोजवरच चालणारी प्रणाली लागते, त्यांना ही वाट चालायची नाही, हेही सांगून ठेवतो. ब्राउझरमध्येच ज्यांचे जग आहे, त्यांना ती खुशाल चालते.

हे झाले जुन्याचे. नव्या खरेदीचे तत्त्व मला ज्यांनी शिकवले, ते कोणी इंजिनियर नव्हेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलरमास्तर बसतात. त्यांनाही लोक मास्तर म्हणतात आणि मलाही. माझ्यापेक्षा त्यांना अधिक शोभते, कारण त्यांच्या कामात एका सुताची चूक चालत नाही. २०२५ च्या जूनमध्ये त्यांच्या मुलीला बी. एस्‌सी.ला, संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला. घरातल्या भिशीचा नंबर त्याच महिन्यात लागला होता. अठ्ठावीस हजार रुपये रुमालात बांधून मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, एवढेच आहेत. आणि तीन वर्षं दुसरे येणार नाहीत. काय घेऊ?”

वाचकहो, असा प्रश्न विचारणारा माणूस समोर बसला म्हणजे जिभेवर आलेले इंग्रजी आकडे आपोआप मागे सरतात.

दोन पर्याय पुढे होते. एक कोरा करकरीत, चंदेरी, हलका; पेटीत बंद. रॅम आठ जीबी, पण पट्टीला डाखलेली. वाढवायला खाच नाही. दुसरा कोणत्या तरी कार्यालयात तीन-चार वर्षे वापरून, तपासून पुन्हा विकायला काढलेला. दहाव्या पिढीचा प्रोसेसर, रॅम आठ जीबीच, पण दोन खाचांपैकी एक रिकामी. चोवीस हजार, आणि दुकानाची वर्षाची हमी. नव्यात बॅटरी ताजी, कंपनीची हमी, अंगावर ओरखडा नाही. जुन्याचे झाकण जरा घासलेले, वजनही थोडे जास्त. मुलीची नजर अर्थातच चंदेरी पेटीवर.

मी ‘डाखलेली रॅम’ म्हणजे काय ते समजावून सांगितले. मास्तर क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे याला माया नाही.”

मी मराठीचा माणूस. पण हा शब्द या जागी मला सुचला नसता. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर मुलीकडे वळून म्हणाले, “तुझा पहिलीचा युनिफॉर्म मी दोन बोटं माया ठेवून शिवला होता. चौथीपर्यंत उसवत उसवत चालवला. बाहेरून बघितलं तर कुणाला दिसत होती का ती माया? पण तीच कामाला आली.”

मुलीने दुसरा घेतला. उरलेल्या पैशांतून आणखी आठ जीबीची पट्टी आणली. ती आणताना तिची जात पाहावी लागते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एक दुसरीत बसत नाही. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवून मगच हात घालायचा. तांदळाच्या दाण्याएवढे ते स्क्रू मास्तरांनी स्वतः काढले आणि बसवले. त्यांचा हात जराही कापला नाही. सोळा जीबी झाली. आणि बरे झाले तेव्हाच झाली. कारण त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जगभर मेमरीचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांची मागणी हे त्याचे मोठे कारण होते.

तेव्हा नवीन घेताना पहिला प्रश्न मायेचा. रॅमला मोकळी खाच आहे का? एसएसडी बदलता येते का? बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे? एलपीडीडीआर असे लिहिले असेल, तर रॅम बहुधा डाखलेलीच समजावी. अशा यंत्रात घेतानाच पुरेशी घ्यावी, मागाहून उसवायला कापड नाही. दुसरा प्रश्न पिढीचा. ‘आय-सेव्हन आहे’ एवढ्यावर भुलू नये. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपमधल्या आय-सेव्हनला बाराव्या पिढीचा आय-थ्री सहज मागे टाकतो. घराणे थोर असून भागत नाही, माणूस कोणत्या सालचा तेही पाहावे लागते. तिसरा प्रश्न डोळ्यांचा आणि बोटांचा. पडदा १,९२० गुणिले १,०८० बिंदूंचा आणि आयपीएस जातीचा असावा. म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग उडत नाहीत. आणि दुकानात उभे राहून कळफलकावर दहा ओळी टंकून पाहाव्यात. चपला घालून पाहिल्याशिवाय आपण घेत नाही, मग तीन वर्षे ज्यावर बोटे आपटायची तो कळफलक तसाच का घ्यावा? वापरलेला घेत असाल, तर बिजागऱ्या, सगळ्या जोडणीच्या खाचा, चार्जर आणि बिलावरचा क्रमांक ताडून पाहावा. आणि आधीच्या मालकाचे कुलूप आत राहिलेले नाही, याची खात्री करावी.

घेतल्यानंतर येते ती निगा. लॅपटॉपचे दोन शत्रू, उष्णता आणि धूळ. आणि आपल्या घरात दोन्ही पाहुण्यांसारखी राहतात. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवणे, म्हणजे त्याच्या नाकावर उशी दाबणे होय. खालच्या झरोक्यांतून तो थंड हवा आत घेतो. एक साधी लाकडी फळी खाली ठेवली तरी पुरते. वर्षा-दोन वर्षांनी आतला पंखा साफ करून घ्यावा. हवा मारताना पंख्याचे पाते धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बिघडते. तरीही यंत्र तापत असेल, तर प्रोसेसरवरचा लेप वाळला असेल. तो जाणकाराकडून नवा लावून घ्यावा.

बॅटरीचेही असेच. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, आणि ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एवढे मोठे संशोधन, पण स्वभाव नाजूक. तिला फार उपाशीही ठेवू नये आणि सदा टम्म भरूनही ठेवू नये. दिवसभर चार्जर लावूनच काम करणाऱ्यांनी, सोय असेल तर, भरणे ऐंशी टक्क्यांवर थांबेल असे करून ठेवावे. किती तास चालेल, याचा हिशेब सोपा आहे: पन्नास वॉट-तासांची बॅटरी आणि दहा वॉट खर्च, म्हणजे पाच तास. जाहिरातीतला आकडा काहीही असो. मात्र झाकण नीट बसेनासे झाले, स्पर्शपट्टी वर उचलली गेली, तर बॅटरी फुगली असे समजून ते यंत्र त्या क्षणी बंद करावे. तिथे काटकसर नको. ती आगीशी गाठ आहे.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक खाडीकाठच्या गावांमधून फिरत असत. मासे, जाळी, भरती-ओहोटी, वारा यांसंबंधीचे कोळणी-आगरी म्हातारीकोताऱ्यांच्या तोंडचे शब्द त्यांनी बारा वर्षे गोळा केले होते. सगळे एका लॅपटॉपमध्ये. प्रत दुसरी नव्हती. एके दिवशी हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. तो आवाज आला, म्हणजे यंत्र ताबडतोब बंद करून तज्ज्ञांकडे न्यायचे असते. सरांना ते माहीत नव्हते; ‘चालू होईल’ या आशेने दोन दिवस त्यांनी ते पुन्हा पुन्हा सुरू केले. पुढे खर्च करून जवळजवळ निम्मे शब्द परत मिळाले. उरलेल्यांसाठी सर त्या गावांना पुन्हा गेले. ज्यांनी ते शब्द सांगितले होते, त्यांतल्या बऱ्याच जणी आता हयात नव्हत्या.

डिस्क नवी मिळते. रॅम मिळते. पडदासुद्धा मिळतो. त्या बाया कुठून मिळणार? तेव्हा तीन प्रती कराव्यात. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. बाहेरच्या छोट्या डिस्कवर एक आणि इंटरनेटवरच्या साठवणीत एक असली, तरी बहुतेक घरांचे काम भागते. एसएसडी टकटक वाजत नाही. ती पुष्कळदा न सांगताच जाते. म्हणून तिच्याबाबतीत तर प्रत अधिकच हवी.

आणि इतके करूनही यंत्र निरोपाला आलेच, तर ते रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नये. आतला मजकूर पुरता पुसावा, डिस्क काढून घ्यावी, आणि मान्यताप्राप्त ई-कचरा संकलकाकडे ते द्यावे. त्यासाठी २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू झाले असून, जुन्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवरही टाकली आहे.

‘माया’ या शब्दाचे अर्थ मी वर्गात दर वर्षी सांगतो. मोह, पैसा, जिव्हाळा. टेलरमास्तरांमुळे आता चौथाही सांगतो. सणासुदीच्या जाहिरातीत पहिला अर्थ असतो, भिशीच्या रुमालात दुसरा. खरेदी करताना चौथा ध्यानात ठेवावा. आणि तिसरा? या दिवाळीत माळे झाडून झाले, की करंजीला हात लावण्यापूर्वी अर्धा तास काढा. घरातले फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, वडिलांची पत्रे, मुलांचे निबंध, सगळ्यांची एक प्रत काढून ठेवा. मग खुशाल नवा लॅपटॉप घ्या, किंवा जुन्यालाच आणखी चार वर्षे चालवा.

दिवाळी सुखाची जावो.